जन्मसाल आधी, कथानक नंतर

वाचकांचे प्रश्न : कथा-कादंबरी लेखन

या खेपेला नायक-नायिकेच्या जन्मकाळाविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. सगळी कोकणातल्या गोष्टी लिहिणाऱ्यांची आहेत, म्हणून उत्तरांतली साले आणि तपशीलही तिथलेच.

दापोलीहून : माझ्या कादंबरीचा नायक कुळाचा मुलगा आहे. खोताशी त्याचा जन्मभर झगडा चालतो आणि शेवटी जमीन त्याच्या नावावर होते. त्याचा जन्म १९२५ चा घ्यावा की १९४० चा? मला त्यात फारसा फरक वाटत नाही.

फरक इतका आहे की दोन वेगळ्या कादंबऱ्या होतील. एक फुलस्केप कागद घ्या आणि पाच रकाने आखा : साल, नायकाचे वय, घरात, गावात, गावाबाहेर. एका ओळीत एक साल. सुरुवात शेवटच्या रकान्यापासून करा, कारण तिथली साले तुमच्या हातात नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे. १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा संप. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती रद्द करण्याचे विधेयक. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा. आणि कूळकायद्याचा १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. आता वयाचा रकाना भरा.

१९२५ चा नायक खोती जाते तेव्हा चोविशीत आहे, कृषक दिनाला बत्तीस वर्षांचा. बायको, दोन मुले, म्हातारी आई, डोक्यावर खंडाची, म्हणजे जमीन कसण्याबद्दल मालकाला द्यायच्या वाट्याची, बाकी. न्यायाधिकरणापुढे उभा राहणारा माणूस तोच. १९४० चा नायक या दोन वेळी नऊ आणि सतरा वर्षांचा आहे. झगडा त्याच्या बापाचा आहे, सही-अंगठा बापाचा आहे. तो फार तर नोटीस वाचून दाखवेल. शाळेत गेलेला मुलगा निरक्षर बापाला सरकारी कागद वाचून दाखवतो आहे, हेही फार चांगले बीज आहे, पण मग जन्मभराचा झगडा आणि शेवटचा विजय हे दोन्ही तुम्हाला सोडावे लागेल. तुमच्या पत्रातल्या कथेला १९२५ च हवे. एकच लक्षात ठेवा : त्या सालचा मुलगा दुसऱ्या महायुद्धात ऐन भरतीच्या वयाचा होतो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १९२१ मध्ये जन्मले, १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुमचा नायक लष्करात गेला नसेल तर का गेला नाही, हे निदान एका वाक्यात यायला हवे. गावातली त्याच्या बरोबरीची पोरे गेलेली असणार.

आता जमीन ‘नावावर होते’ ते कसे, इथे बहुतेक लेखक घसरतात. कायदा झाला आणि दुसऱ्या दिवशी सातबारा बदलला, असे झाले नाही. कुळाला नोटीस येई. त्याने शेतजमीन न्यायाधिकरणापुढे हजर राहून, मला जमीन घ्यायची आहे, असे सांगायचे असे. तो हजर राहिला नाही किंवा नको म्हणाला, तर खरेदी निष्फळ ठरे. किंमत आकाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या, २० पटीपासून २०० पटीपर्यंत ठरे आणि हप्त्यांनी भरता येई. आता कोकणातले घर डोळ्यांपुढे आणा. कसणारा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत, शेत धाकट्याच्या आणि वहिनीच्या हातात, नोटीस थोरल्याच्या नावाची. किंवा खंड वर्षानुवर्षे भाताच्या मापाने दिलेला आणि पावती एकही नाही. किंवा खोताच्या ओटीवर बोलावून घेऊन, आपखुशीने जमीन सोडतो, अशा कागदावर अंगठा घेतलेला. गोष्ट इथे घडते.

आणखी एक कलम आहे, त्याचा कथेत फारसा उपयोग कोणी केलेला दिसत नाही. जमीनमालक विधवा, अज्ञान (अठरा वर्षांखालचा) किंवा अपंग असेल तर कुळाची खरेदी त्या दिवशी होत नसे, पुढे ढकलली जाई. समजा, खोताच्या घरातला एकुलता वारस १९४५ चा आहे, बाप वारलेला. कृषक दिनाला तो बारा वर्षांचा. १९६३ मध्ये तो सज्ञान होतो. पुढचे एक वर्ष जमीन स्वतःसाठी परत मागण्याची मुदत त्याला. ती संपल्यावर एका वर्षाच्या आत कुळाने मालकाला आणि न्यायाधिकरणाला खरेदीची इच्छा कळवायची. ती मुदत हुकली की हातातले गेले. तुमच्या नायकाचे नशीब अशा वेळी त्याच्या स्वतःच्या जन्मसालावर नाही, समोरच्या घरातल्या पोराच्या जन्मसालावर टांगलेले असते. मात्र तो मुलगा घरातला एकटाच वारस ठेवा. एकत्र कुटुंबातल्या अज्ञानाचा हिस्सा ३१ मार्च १९५८ च्या आत वेगळा झालेला नसेल तर ही सवलत लागू होत नसे.

देवगडहून : माझी नायिका माहेरच्या आंब्याच्या बागेत वाटा मागते आणि भाऊ तोडतात. काळ कोणता घेतला तर गोष्ट जास्त बळकट होईल?

इथे जन्मसालापेक्षा दोन तारखा मोठ्या आहेत : तिच्या लग्नाची आणि बापाच्या मृत्यूची. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला. त्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क दिला नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना मुलग्यांच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सेदार, केले, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ च्या त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही.

म्हणून एक नायिका घेण्याऐवजी दोन बहिणी घ्या. थोरली १९६८ ची, लग्न १९९० मध्ये. धाकटी १९७२ ची, लग्न १९९५ मध्ये. दोन भाऊ, आई आधीच वारलेली, मृत्युपत्र नाही, वडिलोपार्जित बाग सहा एकर म्हणजे २४० गुंठे. हिशेब मांडून बघा. बाप १९९० मध्ये गेला, तर बाप आणि दोन मुलगे यांचे तीन सारखे हिस्से, ८० गुंठ्यांचे. बापाचे ८० चौघांत वाटले की प्रत्येकी २०. बहिणींना २०-२०, भावांना १००-१००. बाप २००० मध्ये गेला, तर धाकटी आता सहदायाद. बाप, दोन भाऊ आणि ती, प्रत्येकी ६०. बापाचे ६० चौघांत म्हणजे १५. धाकटीला ७५, भावांना ७५-७५, थोरलीला फक्त १५. कायदा सुधारला आणि थोरलीचा वाटा २० वरून १५ वर उतरला. बाप २०१० मध्ये गेला तर चौघांना ६०-६०.

मधला पर्याय घ्या, असे आमचे ठाम मत आहे. एका घरातल्या, एका ताटात जेवलेल्या दोघी. फरक चार वर्षांचा आणि एका मांडवाचा. भावांशी भांडण होणारच, पण थोरली धाकटीकडे कशी बघेल, हा प्रश्न त्याहून खोल जातो. धाकटी हक्कसोडपत्रावर सही करते का? थोरली तिला ‘करू नकोस’ म्हणते, की गप्प राहते? वाटणी २० डिसेंबर २००४ च्या आत नोंदणीकृत दस्ताने झालेली दाखवा, म्हणजे पुढच्या कायद्याने ती उकरता येणार नाही आणि १५ गुंठे कायमचे १५ राहतील. वाटणी नुसती तोंडी ठेवलीत, तर २०२० नंतर थोरलीला पुन्हा उभे राहता येते. तेव्हा ती बावन्न वर्षांची असेल. तोही शेवट विचारात घ्या.

चिपळूणहून : नायकाची पत्रिका चुकीची मांडली गेली होती हे त्याला पन्नाशीत कळते, असे कथानक आहे. ज्योतिषावर भाष्य करायचे नाही, चूक मात्र खरी वाटली पाहिजे. ती कशी दाखवावी?

चूक आकाशात शोधू नका, भिंतीवरच्या घड्याळात शोधा. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. पहाटे चारला जन्मलेले मूल तारखेने गुरुवारचे असले तरी पंचांगाने बुधवारचे. पत्रिकेसाठी लागते ती इष्ट घटी, म्हणजे सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ. एक घटी २४ मिनिटांची. सूर्योदय ६.३० ला आणि जन्म ११.१८ ला, तर ४ तास ४८ मिनिटे, म्हणजे १२ घटी. लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे तासाची गफलत पुरेशी आहे.

आणि तासाची गफलत इतिहासात तयार आहे. युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशातली घड्याळे एक तास पुढे होती. नायक १० फेब्रुवारी १९४४, गुरुवारचा घ्या. बाळंतीण आतल्या खोलीत, घड्याळ माजघरात. मूल रडले तेव्हा कोणीतरी पाहिले : सात चाळीस. वेळ वहीत टिपली गेली. पुढे दहा-बारा वर्षांनी, मुंजीच्या वेळी, पत्रिका मांडायला ती वही भटजींपुढे आली. चिपळूणला त्या दिवशी सूर्योदय साधारण ७.०५. भटजींनी धरले, सूर्योदयानंतर ३५ मिनिटे : गुरुवार, कुंभ लग्न. पण वहीतली वेळ युद्धाच्या घड्याळाची. खरी वेळ ६.४०, सूर्योदयाला २५ मिनिटे बाकी. म्हणजे पंचांगाने बुधवार आणि लग्न मकर. वारही चुकला, लग्नही चुकले, आणि दोष कोणाचाच नाही. टिपणाऱ्याने दिसले ते टिपले, भटजींनी लिहिलेले वाचले.

चूक उघड कशी व्हावी? म्हाताऱ्या आत्याच्या तोंडून. ‘तू झालास तेव्हा अजून उजाडायचं होतं, मी कंदील घेऊन विहिरीवर गेले होते.’ कंदील आणि सात चाळीस यांचा मेळ बसत नाही, एवढे नायकाला कळले की पुरे.

जन्म मुंबईचा दाखवायचा असेल तर दुसरी गफलत आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून असली तरी मुंबई शहराने आपला ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नव्हता. तो ३९ मिनिटे मागे असे. गिरणगावात जन्मलेल्या मुलाची वेळ कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न त्यामुळे खराच पडतो.

अलिबागहून : ‘रामदास’ बोटीच्या दुर्घटनेत नायकाचा बाप बुडतो, तेव्हा नायक पोटात असतो. या काळाचे काय काय सांभाळावे?

पोटात म्हणजे जन्म १९४७ च्या उत्तरार्धात किंवा १९४८ च्या सुरुवातीला. बोट १७ जुलै १९४७ ला सकाळी मुंबईहून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तुमच्या पात्राला तिथे नेताना ‘योगायोगाने तो त्या बोटीत होता’ असे लिहू नका. अलिबागच्या आसपासचा, मुंबईत पोट भरणारा माणूस घरी यायचा तो त्याच वाटेने. त्याचे त्या बोटीत असणे त्याच्या काळाने ठरवलेले आहे. त्याच जागी जन्मलेला पण चाळीस वर्षांनी धाकटा माणूस एसटीने पनवेल-पेणवरून आला असता.

तपशील : जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ चे. तिकिटाचे पैसे रुपये-आणे-पै, नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. पत्त्यावर पिनकोड नको, तो १५ ऑगस्ट १९७२ चा. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली, तेव्हा जुलै ४७ मध्ये तुमच्या पात्राला एसटीत बसवू नका. खासगी सर्व्हिस मोटार, बैलगाडी किंवा पाय.

सगळ्यात मोठा सापळा पंचांगाचा. १९४७ मध्ये अधिक श्रावण होता. तो जुलैच्या १८-१९ ला लागला आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला तेव्हा अधिक महिना संपत आला होता. नागपंचमी त्यानंतर, २१ च्या आसपास. गणपती सप्टेंबरच्या १८-१९ ला. त्या विधवेच्या पहिल्या महिन्यावर तुम्ही मंगळागौरीच्या, नागपंचमीच्या खुणा पेरल्यात तर जाणता वाचक थांबेल. उलट, शेजारपाजारच्या घरांत अधिकाचे वाण देणे-घेणे चालू आहे, जावई जेवायला येत आहेत आणि या घराच्या अंगणात सामसूम, हे चित्र खरे आहे आणि जिव्हारी लागणारे आहे.

जुन्या सालचे पंचांग हाताशी नसेल तर एक सोपी युक्ती : तिथी आणि तारीख यांचा मेळ १९ वर्षांनी परत येतो, एखाद्या दिवसाच्या फरकाने. २०२३ चा गणपती १९ सप्टेंबरला, २००४ चा १८ सप्टेंबरला. २०२० चा आणि २००१ चा दोन्ही २२ ऑगस्टला. मागे जाताना १९-१९ वजा करत जा. कथेत नेमकी तारीख द्यायची असेल तर मात्र ग्रंथालयातून त्या सालचे पंचांग काढून खात्री करून घ्याच.

मालवणहून : नायक रापणकर घरातला आहे. जन्म १९५० की १९७५?

रापणीचा शेवट दाखवायचा असेल तर १९५०. लहानपणी सुती जाळ्याची रापण, किनाऱ्यावर दोर ओढणारी तीस-चाळीस माणसे, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. वयात येईतो नायलॉनची जाळी आणि होड्यांना इंजिन. त्याच्या हातातली विद्या त्याच्या डोळ्यांदेखत स्वस्त होते. १९७५ चा नायक इंजिनाच्या आवाजातच मोठा झालेला आहे. त्याची लढाई पर्ससीनशी, म्हणजे माशांच्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या यांत्रिक जाळ्याशी, आणि मासे ओढून घेणाऱ्या एलईडीच्या उजेडाशी, पर्ससीनवरचे २०१६ चे निर्बंध आणि एलईडीवरची २०१७ ची बंदी त्याच्या चाळिशीत येते. दोघांना एका घरात बाप-लेक करून ठेवता येईल. आणि पावसाळ्यात समुद्र कधी उघडतो हे लिहिताना जपा : बापाच्या तारुण्यात नारळी पौर्णिमेला, लेकाच्या काळात सरकारी तारखेला.

सावंतवाडीहून : गिरणीतून गावी परतलेल्या चाकरमान्याची गोष्ट लिहितो आहे. पण सगळे वाचणारे म्हणतात, नायक पराभूत वाटतो, त्याच्या हातात काही नाही. काय चुकते आहे?

पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात नायकाचा जन्म १९३५ चा आहे. चूक तिथेच आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तो सत्तेचाळीसचा. कायम कामगार, मुले शिकणारी, परतल्यावर नवे काही उभे करायला वय नाही. त्याच्या हातात खरेच थोडे आहे. त्याला अठरा-वीस वर्षांनी धाकटा करा. १९५५ चा नायक संपाच्या वेळी सत्तावीसचा, बहुधा अजून बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम. खानावळीत जेवण, खोलीत गाववाल्यांबरोबर वळकटी. सुटताना त्याच्या गाठीला फार काही नाही, पण अंगात बळ आहे.

संपातला त्याचा पहिला गणपती लिहाच. १९८२ मध्ये चतुर्थी ऑगस्टच्या २२ च्या आसपास आली, पगार बंद होऊन सात महिने झालेले. दरवर्षी पेटी भरून येणारा माणूस रिकाम्या हाताने एसटीतून उतरतो. आई विचारत नाही. पोरे पिशवीकडे बघतात.

पुढे त्याच्या हातात काय येते? १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. वरकस पडीक जमिनीवर हापूस-काजूची कलमे सरकारी खर्चाने लावता येऊ लागली. तेव्हा तो पस्तीसचा. इथे वेळापत्रक काटेकोर ठेवा, कारण झाड लेखकासाठी घाई करत नाही. हेक्टरी शंभर कलमे, दहा-दहा मीटरवर, खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल. खड्डे उन्हाळ्यात, लागवड पावसाच्या सुरुवातीला. कातळ असेल तर सुरुंग लावावा लागतो आणि माती बाहेरून आणून भरावी लागते. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी खांद्यावरून. बायकोच्या डोक्यावरची घागर इथे विसरू नका, अर्धी बाग तिची आहे. पाच-सहा वर्षांनी पहिली फळे, भरात यायला पंधरा. १९९१ ची लागवड २००६ ला भरात, नायक एक्कावन्नचा. मधल्या काळात २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागते, तो त्रेचाळीसचा. त्याचा मुलगा त्या गाडीने मुंबईला जातो, आणि बाप ज्या वयात पहिल्यांदा मुंबईला गेला होता त्याच वयाचा आहे, हे कोणाला सांगावे लागणार नाही.

बिघडते काय, तेही त्यालाच शोधू द्या. कलमाच्या जोडाखालून खुंटाला, म्हणजे ज्या रायवळ रोपावर कलम बांधले त्याला, फूट येते. ती वेळच्या वेळी काढली नाही तर खुंट जोर धरतो, वरचे हापूस मरते आणि सात वर्षांनी फळ लागते ते रायवळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळल्या गवतातून वणवा येतो, म्हणून बागेभोवतीचे गवत आधीच कापून पट्टा मोकळा ठेवावा लागतो. हापूस एक वर्षाआड धरतो, तेव्हा कर्जाचा हप्ता आणि रिकामे वर्ष एकत्र आले की काय होते ते लिहा. असा माणूस हरला तरी पराभूत वाटत नाही. त्याने रोज काहीतरी केलेले असते.

गुहागरहून : नायक त्याच्या काळापुढे असावा असे वाटते. विधवाविवाह करणारा, १८६० च्या सुमारास जन्मलेला. वाचकाला पटेल का?

पटेल, कारण कोकणात तसे घडले आहे. धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ चे, खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेले, मुरूडला वाढलेले. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, त्यांच्या जन्माआधीचा. स्वतः त्यांनी असा विवाह केला १८९३ मध्ये. कायदा आणि कृती यांत सदतीस वर्षे आहेत. तुमच्या नायकाचे सगळे कथानक त्या सदतीस वर्षांत बसते. कायदा असतो, पण लग्न लावायला भटजी मिळत नाही, पंगतीला पान मिळत नाही, गावाला परत येता येत नाही. काळापुढचा माणूस म्हणजे आजच्या भाषेत बोलणारा माणूस असे समजू नका. तो शब्द त्याच्या काळचेच वापरेल, सोवळे-ओवळे त्याच्या अंगवळणी असेल, आणि तरीही एका बाबतीत मागे हटणार नाही.

कर्व्यांच्याच आयुष्यातली एक घटना वयाच्या दृष्टीने बघण्यासारखी आहे. मुरूडहून ते मित्रांबरोबर भर पावसात, कुंभार्ली घाट चढून, पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेले. परीक्षेला सतरा वर्षे पुरी लागत. अंगाने लहानखुरे असल्याने ते सतराचे दिसत नाहीत म्हणून त्यांना बसू दिले नाही. वय होते, दिसत नव्हते.

राजापूरहून : छोटा प्रश्न आहे. माझ्या नायकाचा जन्म गावचा, १९४८ चा, नोंद कुठेच नाही. जन्मतारीख काय द्यावी? आणि नाव?

दोन तारखा द्या. एक आईच्या तोंडची : ‘भात कापायला आलं होतं, दसरा चार दिवसांवर.’ दुसरी शाळेच्या दाखल्यावरची, १ जून. जून महिन्यात शाळेत नाव घालताना मास्तर मुलाच्या उंचीवरून साल ठरवत आणि तारीख १ जून टाकत. त्या पिढीतले कितीतरी लोक कागदोपत्री १ जूनचेच आहेत. या दोन तारखांमधले अंतर पुढे नोकरीत दिसते. आईच्या हिशेबाने तो ऑक्टोबर १९४८ चा, मास्तरांनी १ जून १९४७ लिहिले, तर निवृत्ती सोळा महिने आधी. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, नोंद सापडली तर दुरुस्ती करता येते, पण ती नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मागावी लागते. निवृत्ती तोंडावर आल्यावर कचेरी ऐकत नाही.

नाव सुरेश, वसंत, पांडुरंग, सीताराम, अनंत यांपैकी काहीही चालेल. पांडुरंग-सीताराम आजोबांचे म्हणून ठेवलेले असेल, सुरेश मुंबईहून आलेल्या काकाने सुचवलेले. दोन्ही द्या : दाखल्यावर सुरेश, घरात पांडू. आजी त्याला शेवटपर्यंत पांडूच म्हणेल.